चुकीच्या खात्यावरची पुस्तके



बोरी नदीच्या काठी, अमळनेर नगरीत, कुमारसाहित्याच्या या संमेलनात आपले मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाचे गोडवे गायचे असतात, आणि अमळनेरकराला त्यासाठी आग्रह करावा लागत नाही. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो तो याच गावात. 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली आणि पुढे विप्रो म्हणून जगभर गेलेली कंपनीही याच मातीतली. मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे दोनदा भरले, 1952 आणि 2024 साली. पण आमचा खरा अभिमान 1916 सालचे तत्त्वज्ञान मंदिर. घाट आणि धर्मशाळा बांधणारे धनिक पुष्कळ झाले. तालुक्याच्या गावी अभ्यासकांनी बसून वेदान्ताचा खल करावा म्हणून वास्तू उभारणारे गिरणीमालक प्रतापशेठ एकच. त्या मंदिरात शिकायला आलेला एक तरुण 1924 मध्ये येथल्या शाळेत शिक्षक झाला, वसतिगृह सांभाळू लागला आणि 1930 मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेला. उणीपुरी सहा वर्षे! तो तरुण म्हणजे साने गुरुजी. त्यांचे नाव निघाले की आपण आई, अश्रू आणि प्रार्थना यांपाशीच थांबतो. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत, हे मात्र विसरतो. मासिक नव्हे, स्नेहसंमेलनाचा अंक नव्हे, दैनिक. छापखाना नाही, जाहिरात नाही, वर्गणी नाही. वसतिगृहाएवढ्या वाचकवर्गासाठी रोज हाताने लिहायचे, तर त्या वयाच्या वाचकाला किती मोठे मानावे लागत असेल!

आता विषयाकडे वळतो. मराठीत कुमारसाहित्य नाही, असलेच तर दुय्यम, असे सर्रास म्हटले जाते. आमच्या बाजारपेठेच्या भाषेत सांगायचे तर ही मालाची टंचाई नसून खतावणीतली चूक आहे. या वयाविषयीचे पुस्तक उत्तम उतरले की आपण ते मोठ्यांच्या खात्यावर टाकतो, बेतास बात असले की मुलांच्या नावे मांडतो, आणि वर्षअखेरीस मुलांचे खाते कोरडे दिसते म्हणून हळहळतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली. नायक मुकुंद नववीतला, पण कादंबरी नांदू लागली मोठ्यांच्या कपाटात. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांचेही तेच झाले. यावर रास्त आक्षेप असा की ही पुस्तके मुळात मुलांसाठी लिहिलीच नव्हती. नसतील. पण पुस्तक कोणाचे हे लेखकाच्या हेतूवरून ठरवावे की त्यातली नजर किती उंचीवरून बघते यावरून? ‘शाळा’मधली आणीबाणी मुकुंदाला जेवढी ऐकू येते तेवढीच येते, लेखक त्याच्या डोक्यावरून आपल्याला डोळा मारत नाही. उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसाने आज काय करावे, हा प्रश्न इतका उघडा फार थोडे वाङ्मय ठेवते. कुमारसाहित्याचे मोल मला तरी तिथे दिसते. ‘मोठेपणी चांगले वाचता यावे म्हणून आधी हे’ असली शिडी मानण्यात नाही.

या कसोटीवर खुद्द गुरुजींचे पुस्तक अडचणीत येते, हे अमळनेरच्या व्यासपीठावरूनच कबूल केलेले बरे. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त बोलतो तो मोठा झालेला श्याम, आणि मोठ्यांच्या बोलण्यात उपदेश यायचाच. पण पोहण्याचे प्रकरण पुन्हा काढून पाहा. विहिरीच्या धास्तीने माळ्यावर लपलेला मुलगा, त्याला बाहेर काढून शिंपटीने मारत पोहायला पाठवणारी आई. त्या माळ्यावर उपदेश पोहोचत नाही. तिथे फक्त भीती आणि शरम आहे. पुस्तक टिकले ते अशा पानांवर. उलट टोकाला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे. त्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की तो निर्णय घेतो तेव्हा आसपास विचारायला बहुधा कोणी वडीलधारे नसते. त्याचे ते ‘ट्टॉक्’ म्हणजे आपले आपण ठरवल्याचा आवाज आहे. मुलींच्या वाट्याला असा आवाज मराठीत फार कमी आला, आणि ही उणीव मात्र खतावणीतली नव्हे, खरीच आहे. दोन दिवसांत तिच्यावर बोलणे व्हावे, ही अपेक्षा.

उरल्या आमच्या उणिवा. निवासाची सोय वर्गखोल्यांत आहे, गाद्या भाड्याच्या आहेत, डासांचा बंदोबस्त पूर्ण झालेला नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांचे वेळापत्रक आमच्या हातात नव्हते. काहींना स्टेशनवर ताटकळावे लागले, त्यांची हात जोडून क्षमा मागतो. ध्वनिक्षेपक मध्येच शीळ घालतो, तेवढे चालवून घ्यावे. मंडप देणारे, धान्य देणारे आडतदार, एका दिवसाचा पगार देणारे शिक्षक, पाण्याचे टँकर पाठवणारे शेतकरी, वांगी भाजायला पहाटेपासून काडीकचऱ्याच्या जाळापाशी बसलेल्या भगिनी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. नावे घेतली तर एखादे राहील आणि रुसवा होईल, म्हणून यादी फलकावर लावली आहे. तीतही कोणी राहिले असल्यास कार्यालयात सांगावे, खडू तयार आहे. भरीत तिखट आहे. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी वरण-बट्टीची पंगत डावीकडच्या मंडपात, साडेबारा वाजता. तोवर अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी सूत्रे हाती घ्यावीत.