कमरेवरची काळी रेघ

आजचा भाग जरा घरातला आहे. विषय त्वचेचा कॅन्सर. तुम्ही लगेच म्हणाल, ‘तो तर गोऱ्या लोकांना होतो, उन्हाने.’ मीही हेच म्हणायचे.

माझी आजी मुलुंडला आमच्यासोबत राहते. वय ७४. लग्नापासून लुगडंच नेसते आणि गाठ अशी आवळते की धावत गाडी पकडली तरी सुटायची नाही. तिच्या कमरेवर एक काळी रेघ आहे. आईच्याही आहे, परकराच्या नाडीची. तुमच्याही घरात कुणाच्या तरी असेल. त्या रेघेला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी तिची लुगडी वाळत घालत होते. कमरेच्या जागी पिवळट डाग दिसला. दुसऱ्या लुगड्यावरही तसाच. विचारलं तर म्हणाली, “अगं, गाठीनं खरचटलंय. हळद लावते की मी.” खूप मागे लागल्यावर दाखवलं. रुपयाएवढी जखम, कडा जाड आणि उचललेल्या.

“आजी, कधीपासून आहे हे?”

“दिवाळीपासून असेल.”

दिवाळी ते ऑगस्ट! मधल्या काळात मेडिकलमधून आणलेल्या मलमाच्या दोन ट्यूब संपल्या होत्या. आणि मी पलीकडच्याच खोलीत बसून रोज दहा तास लोकांच्या कोडमधले बग शोधत होते.

त्वचेच्या डॉक्टरांनी जखमेच्या कडेचा छोटा तुकडा तपासायला घेतला. म्हणजे बायोप्सी. आजी घाबरली, “सुई लावली की पसरतं म्हणतात.” डॉक्टर म्हणाल्या, “आजी, तपासल्याने पसरत नाही. न तपासता ठेवला तर पसरतो.” आठ दिवसांनी रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, त्वचेचाच कॅन्सर.

त्या रात्री मी वाचत बसले. आणि कळलं, ही गोष्ट आपल्याच मुंबईत फार पूर्वी लिहून ठेवलेली आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासोबत शोधनिबंध लिहिला. त्यात ‘धोतर कॅन्सर’चं वर्णन आहे. वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरचा कॅन्सर. पुढे साडीचंही नाव त्याला जोडलं गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये अशाच दोन स्त्रियांबद्दल लिहिलं. एक घट्ट परकर बांधणारी, दुसरी ४० वर्षं लुगडं नेसणारी. दुसरीचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. जखम दोन वर्षं अंगावर काढली होती.

हे होतं कसं? एकाच जागी रोज दाब, घासणं, त्यात आपला घाम आणि दमट हवा. कातडी आधी काळवंडते, मग पातळ होते, फाटते, भरते, परत फाटते. प्रत्येक वेळी दुरुस्तीसाठी नव्या पेशी, म्हणजे नवी कॉपी. वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट चालू राहिलं की कधीतरी एक चूक तशीच राहते. जुन्या जखमेत होणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्याच्या जुन्या व्रणातही तो होतो.

मात्र घाबरू नका, काळी रेघ म्हणजे कॅन्सर नाही. हा प्रकार दुर्मीळच आहे. लक्ष ठेवायचं ते न भरणाऱ्या जखमेवर.

मग करायचं काय?

एक, नाडी सैल बांधायची आणि बांधायची जागा थोडी वर-खाली बदलत राहायची. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी बरी. घरात असताना गाऊन घातला तर कमरेला विश्रांती मिळते.

दोन, तीन-चार आठवड्यांत न भरलेली, रक्त किंवा पाणी येणारी, कडा जाड झालेली जखम त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचीच. हळद आणि मेडिकलची ट्यूब हे उत्तर नाही.

तीन, तळपाय आणि नखं बघा. सावळ्या कातडीच्या लोकांत मेलानोमा बऱ्याचदा तिथेच निघतो, जिथे उन्हाचा संबंध नसतो. बॉब मार्लीला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यातच सापडला होता. १९८१ मध्ये तो गेला, फक्त ३६ वर्षांचा होता.

चार, फोन हातात आहेच. संशय आला तर बाजूला नाणं ठेवून फोटो काढा, तारीख राहते. आकार बदलला का ते डॉक्टरांना दाखवता येतं. पण फोटोवरून निदान गूगलला विचारू नका.

आजीचं ऑपरेशन झालं. आजूबाजूची कातडी थोडी जास्त घेऊन गाठ काढली. कॅन्सर पुढे पसरलेला नव्हता. दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. ती आता घरात गाऊन घालते आणि रोज कुरकुर करते, “हे काय ध्यान!” सणावारी लुगडं नेसते, पण गाठ मी तपासते. दोन बोटं आत गेली पाहिजेत.

सगळ्यात मोठी अडचण लाजेची होती. कमरेची जखम आजी मुलाला दाखवणार नाही, नातवाला तर नाहीच. म्हणून आज घरी गेलात की एवढंच विचारा, “आजी, आई, कमरेला काही दुखतंय का गं?” आणि “नाही” म्हणाली तरी परत एकदा विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.