ठिणगीला आवर : स्फोटक हवेतील वीज आणि फ्यूजचे माप

फ्यूज उडाला की वायरमन येईपर्यंत थांबायला कोणाला सवड नसते. कोणीतरी उठतो, फ्यूजच्या चिमट्यात जाडशी तार गुंडाळतो आणि म्हणतो, "आता बघा, पुन्हा उडायचा नाही." त्याचे म्हणणे खरेच ठरते. पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, वायर जळते. घरात हा अविचार महाग पडतो. पण जिथल्या हवेतच पेट घेणारी वाफ मिसळलेली असते, तिथे तो माणसांच्या जिवावर बेततो. तेव्हा अशा जागी फ्यूज आणि त्याचे सोबती किती मापाचे घ्यावेत, हे आज समजावून घेऊ.

अशा जागा आपल्यापासून दूर नाहीत. आपला नंदुरबार जिल्हा उसाचा आणि मिरचीचा. साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी असली, तर तिथे मळीपासून स्पिरिट होते आणि ते मोठ्या टाक्यांत साठवतात. शुद्ध अल्कोहोलाची वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे तर उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. शेणाच्या गॅसमधला मिथेन हवेत शेकडा ५ ते १५ या प्रमाणात मिसळला की ठिणगीची वाटच पाहत असतो. आणि ठिणगी केवढी पुरते? मिथेनला एका ज्यूलचा हजारावा भागही लागत नाही. त्याच्या पावपटीहून थोडी अधिक ऊर्जा पुरते.

हा धडा जगाने खाणीत घेतला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंघेनिथ येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि त्यांना सोडवायला गेलेला एक जण, असे ४४० जीव गेले. कारण निश्चित ठरले नाही. पण खाणीतल्या विजेच्या घंटीच्या ठिणगीवर संशय होता. पुढे व्हीलर आणि थॉर्नटन या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले, तेव्हा दिसले की घंटीचा दाब थोडा असला तरी तिच्या तारेच्या वेटोळ्यात ऊर्जा साठते आणि प्रवाह तुटताना ती ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते. यातूनच एक नवा विचार रुजला : ठिणगी पडेल हे धरूनच चालावे, पण ती पेटवू शकणार नाही इतकी दुबळी ठेवावी.

आता स्पिरिटची टाकी डोळ्यांपुढे आणा. आतली पातळी मोजणारे यंत्र टाकीवर, आणि आकडा दाखवणारा फलक दूर खोलीत. दोहोंमध्ये तार. या तारेवर, खोलीच्या बाजूला, एक छोटी पेटी बसवतात. तिला 'बॅरिअर' म्हणतात. आत तीन गडी असतात : फ्यूज, झेनर डायोड आणि रोध.

तिघांची कामे वेगळी आहेत बरं का. झेनर दाब ठरावीक हद्दीपुढे जाऊ देत नाही. जादा प्रवाह जमिनीकडे वळवतो. रोध टाकीकडे जाणारा प्रवाह आवरतो. मग फ्यूज कशाला? पुष्कळांना वाटते, फ्यूज स्फोट थांबवतो. तसे नाही. फ्यूज वितळेपर्यंत ठिणगी आपले काम उरकून मोकळी होते. फ्यूज राखण करतो ती झेनरची. झेनर जळून तुटला, तर टाकीकडे जाणारा दाब अडवायला कोणी उरत नाही.

आता हिशेब मांडू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी खडू घ्यावा. नेहमीच्या एका बॅरिअरची हद्द आहे २८ व्होल्ट आणि रोध ३०० ओहम. टाकीवर तारा एकमेकींना चिकटल्या, तर २८ भागिले ३००, म्हणजे सुमारे ९३ मिलिअँपिअर. त्याहून अधिक प्रवाह जाणार नाही. रोधावर २८ गुणिले ०.०९३, म्हणजे सुमारे २.६ वॅटचा भार येईल. नियम असा, की सुरक्षिततेच्या भागावर त्याच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भार पडू नये. म्हणून २.६ ची दीडपट करा : ३.९ वॅट. रोध ५ वॅटचा घ्यावा.

फ्यूज ५० मिलिअँपिअरचा समजा. तो ५१ ला उडेल का? नाही. मानकांप्रमाणे फ्यूज आपल्या आकड्याच्या १.७ पट प्रवाह कितीही वेळ वाहू देईल, असेच धरायचे. म्हणजे ८५ मिलिअँपिअर. हा सगळा झेनरमधून गेला, तर २८ गुणिले ०.०८५, म्हणजे सुमारे २.४ वॅट. त्याची दीडपट ३.६. झेनर ५ वॅटचा चालेल. शिवाय एक बिघडला तर दुसरा, दुसराही बिघडला तर तिसरा, म्हणून सर्वांत धोक्याच्या जागेसाठी तीन झेनर बसवतात. फ्यूजही असा हवा, की चुकून २३० व्होल्टची लाइन तारेवर आली तरी तो फुटता न फुटता प्रवाह तोडील.

आता कोणी ५० च्या जागी २५० मिलिअँपिअरचा फ्यूज टाकला तर? १.७ पटीने ४२५ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे १२ वॅट. पाच वॅटचा झेनर तो भार कुठून सोसणार? बाहेरून पेटी तशीच दिसेल, फलकावर आकडाही येत राहील. राखणदार मात्र मेलेला असेल. म्हणूनच हा फ्यूज पेटीत कायमचा बंद करतात. तो गेला की पेटी नवी बसवायची. पेटी वगळून दोन तारा सरळ जोडणे म्हणजे वरची जाड तारच, फक्त टाकीच्या तोंडाशी.

अशा सामानाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे. सामानावरची मान्यतेची पट्टी वाचल्याशिवाय काम हाती घेऊ नये. अर्थिंगही पक्के हवे. झेनरने वळवलेली वीज शेवटी तिथेच जायची आहे.

आणि घरी? गॅसचा वास आला, तर बटण चालू करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळी पडते. खिडक्या-दारे उघडा, बाहेर या. फ्यूजची तार ठरल्या मापाचीच घाला. फ्यूज वारंवार उडत असेल, तर तो काहीतरी सांगतो आहे. त्याचे तोंड बंद करण्याआधी तो काय सांगतो ते ऐकून घ्या.