उच्च तापमानातील गंज आणि लोह-ॲल्युमिनियम मिश्रधातू

म्हैसुरात लोखंडाविषयी बोलायचे तर भद्रावतीपासूनच आरंभ करावा लागतो. तत्कालीन म्हैसूर संस्थानाच्या या कारखान्यात १९२३ मध्ये उत्पादन सुरू झाले. दगडी कोळसा दूर होता, म्हणून भट्टी लाकडाच्या कोळशावर चालवली गेली. सर एम. विश्वेश्वरय्या यांनी पुढे त्याची धुरा वाहिली. जे जवळ आहे त्यावर उद्योग उभारण्याचा तो प्रयत्न होता.

तोच प्रश्न आज कोळशाच्या वायूकरणात उभा राहतो. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट असून, जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी मिळाली. मात्र या संयंत्रांतील तप्त वायूत ऑक्सिजन अत्यल्प आणि हायड्रोजन सल्फाइड उपस्थित असतो. ईशान्येकडील कोळसा वगळता भारतीय कोळशात गंधक कमीच. तरीही धातूला तो पुरेसा जाचतो.

स्टेनलेस पोलाद टिकते ते क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. अशा वायूत तो थर नीट धरत नाही. सल्फाइड वेगाने वाढते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. निकेल असल्यास संकट अधिकच, कारण निकेल व त्याचे सल्फाइड यांचे मिश्रण सुमारे ६४० अंश सेल्सिअसलाच वितळते. ॲल्युमिनियमची ऑक्सिजनविषयीची ओढ मात्र इतकी तीव्र, की तुटपुंज्या ऑक्सिजनातही ॲल्युमिनाचा दाट आणि सावकाश वाढणारा थर तयार होतो. विजेच्या शेगडीतील तारेचे रहस्य हेच. लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची ‘कंथाल’ तार स्वीडनमध्ये १९३१ पासूनची आहे.

आर्थिक बाजू विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. निकेलसाठी भारत जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून असून, २०२३ च्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत त्याचा समावेश आहे. लोहखनिज आणि बॉक्साइट देशातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातही बॉक्साइट निघते आणि बेळगावात ॲल्युमिना बनते. वजनाने सुमारे १४ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या लोह-ॲल्युमिनाइडला निकेल लागतच नाही.

मग ही मिश्रधातू सर्वत्र का नाही? कारण सामान्य तापमानाला ती ठिसूळ असते. हवेतील बाष्पाशी ॲल्युमिनियमची क्रिया होऊन सुटणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि तडे वाढवतो, हे १९९० च्या सुमारास अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत उलगडले. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेतही या मिश्रधातूंवर बरेच काम झाले आहे. शिवाय ६०० अंशांपुढे बळ घटते, वेल्डिंग अवघड जाते आणि क्लोरीनयुक्त वायूत तो थरही पुरेसा विश्वासार्ह राहत नाही. स्वस्त कच्चा माल म्हणजे स्वस्त नळी नव्हे!

व्यवहारात म्हणून भार पोलादाने पेलायचा आणि पृष्ठभागावर ॲल्युमिनियमयुक्त लेप द्यायचा, ही वाट अधिक शहाणपणाची ठरते. लेपातील ॲल्युमिनियम हळूहळू आतल्या पोलादात झिरपते, त्यामुळे त्याचे आयुष्य मर्यादित असते. त्याचा हिशेब किलोच्या भावाने न मांडता, संयंत्र बंद ठेवावे लागणाऱ्या दिवसांच्या खर्चासह मांडावा लागतो.