पहिले साठ फूट

(मंडळाच्या गणेशोत्सवात तरुणांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमातील भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी गाणे होते, नाटक होते, कधी एखादे कीर्तन होते. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या, नोकरीची वीस वर्षे हातावर ग्रीस घेऊन काढलेल्या डिप्लोमाधारक माणसाला माईकसमोर उभे केले आहे. याला जबाबदार तुमचीच मुले. मागच्या वर्षी मखराचे सामान उतरवताना चार-पाच जणांनी मला कोपऱ्यात गाठले आणि हळूच विचारले, "काका, आमची गाडी ड्रॅगसाठी सेट करून द्याल का? घरी सांगू नका." मी म्हटले, देतो, पण कोपऱ्यात नाही. जे सांगायचे ते सगळ्यांसमोर, तुमच्या आई-बाबांच्या देखत सांगेन. तो शब्द आज पाळतो आहे.

ड्रॅग रेसिंग म्हणजे काय, हे ज्येष्ठांना समजावणे सोपे आहे. आपल्याकडे विदर्भात शंकरपट असतो, पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीचे घाट असतात. सरळ धाव, वळण नाही, आणि निकाल सेकंदावर. हीही तशीच बारी, फक्त बैलांच्या जागी इंजिन. अंतर साधारणपणे पाव मैल, म्हणजे 1320 फूट किंवा 402 मीटर. कुठे कुठे त्याच्या निम्मे. गाडी उभी असते, तीन पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, आणि सुटायचे. हिरव्याच्या आधी चाक हलले की लाल दिवा.

आपल्या देशात हा खेळ रीतसर चालतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, आणि बेंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पाने त्यांत अनेकदा विजेतेपद मिळवले आहे. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाच्या स्पर्धा झाल्या. काही वर्षांपूर्वी माझा पुण्याचा भाचा तिथे आपली जुनी, कार्ब्युरेटरवाली पल्सर 220 घेऊन उतरला होता. ती गाडी आम्ही मामा-भाच्यांनी मिळून तयार केली. तीच कहाणी आज सांगतो.

भाचा आला तोच यादी घेऊन : मोठा पिस्टन, हवा तसा सायलेन्सर, रुंद टायर. मी यादी घडी करून खिशात ठेवली आणि म्हटले, पहिल्यांदा मागचे चाक काढ, ब्रेकचे पॅड दाखव. त्याचा चेहरा पडला. पण ताशी 110 किलोमीटर वेगाने रेषा ओलांडलेली गाडी, ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असला तरी, थांबायला सत्तर मीटरच्या आसपास जागा घेते. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते. म्हणून पुढचे पॅड, मागचे पॅड, ब्रेक ऑइल, केबल, चाकांचे बेअरिंग हे सगळे आधी. त्यानंतर मनगटाला दोरीने बांधलेला किल-स्विच : माणूस पडला की इंजिन बंद झाले पाहिजे. ब्रेकपासूनच सुरुवात का, याचे आणखी एक कारण आहे. ते शेवटी सांगतो.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेत धावेनंतर एक चिठ्ठी हातात मिळते. तिच्यावर शेवटची वेळ असतेच. शिवाय पहिल्या 60 फुटांची, म्हणजे सुमारे 18 मीटरची, वेळ वेगळी असते. नवखा मुलगा शेवटचा वेग बघतो, जाणता माणूस पहिले साठ फूट बघतो. तिथे वाचवलेला वेळ शेवटी जवळजवळ दीडपट होऊन मिळतो. हे साठ फूट इंजिनाच्या ताकदीवर कमी आणि ती ताकद जमिनीपर्यंत नीट पोचण्यावर जास्त ठरतात.

रेल्वेतल्या सहकाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जड मालगाडी उचलताना लोकोमोटिव्हच्या पुढच्या अॅक्सलवरचे वजन कमी होते, मागच्यावर वाढते, आणि पुढची चाके आधी घसरतात. लोको पायलट तेव्हा वाळू सोडतो, नॉच कमी करतो. हजारो अश्वशक्ती असूनही चाक घसरले तर गाडी तिथेच. मोटारसायकलचेही तेच, फक्त तिची ओढ मागच्या चाकावर असल्याने मागे जाणारे वजन आपल्या फायद्याचे. मात्र जास्त गेले तर पुढचे चाक उचलते. म्हणून बसायचे पुढे सरकून, टाकीवर वाकून. पुढचा फोर्क क्लॅम्पमध्ये दहा-पंधरा मिलिमीटर वर सरकवून पुढचा भाग खाली आणता येतो. पण फोर्क पूर्ण दबल्यावर टायर कशाला घासत नाही ना, हे बघूनच.

टायर रुंद घ्यायची गरज नाही. वीस अश्वशक्तीच्या गाडीला रुंद टायर म्हणजे फुकटचे ओझे. टायर नवा आणि स्वच्छ हवा, आणि मागची हवा गेजने मोजून एका वेळी दोन पौंड कमी करत बघायची. हाताने दाबून हवा ओळखणाऱ्यांनी कृपया भजी तळावीत.

मग चेन. ती गाडी स्टँडवर असताना घट्ट करू नका. माणूस बसला की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून दुसऱ्याला बसवून ढिलाई मोजायची. चेन-लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला. उलटी बसवलेली क्लिप मी स्वतः कितीतरी गाड्यांवर पाहिली आहे. आणि सुतळी लावून दोन्ही चाके एका रेषेत आणायची. रूळ असो की चाक, अलाइनमेंट चुकली की पुढचे सगळे हिशेब चुकतात.

क्लच हे या खेळाचे हृदय. प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजावी, स्प्रिंग थकले असतील तर बदलावेत. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दिल्यावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतो आहे. इथे एक सावधगिरी : स्वस्त पडते म्हणून कारचे ऑइल टाकू नका. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि आपल्या मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

मग स्प्रॉकेट. समजा पुढे 14 दाते आणि मागे 42, तर गुणोत्तर 3. मागे 45 केले तर 3.21, म्हणजे ओढ सात टक्क्यांनी वाढली. पुढे 14 ऐवजी 13 केले तर 3.23, जवळजवळ तेवढेच, आणि खर्च कमी. पण ओढ वाढली की प्रत्येक गिअरचा वेग घटतो. अंतिम रेषेच्या जरा आधी गिअर बदलावा लागला तर मिळवलेले सगळे तिथेच गेले. रेषा ओलांडताना इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या थोडे पुढे असावे, असे दाते निवडायचे.

सायलेन्सर कापण्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारले जाते. नुसता कापल्याने आवाज वाढतो, ताकद वाढतेच असे नाही. आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. त्याच्या आकारातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तो कापणे म्हणजे तबल्याची शाई खरवडून टाकण्यासारखे. भातखंडे बुवांच्या नावाने संगीत शिकवणाऱ्या शहरात हे आणखी काय सांगावे!

कार्ब्युरेटरचा मात्र आम्हाला धडा मिळाला. भाचा सुट्टीत गाडी इथे घेऊन आला होता, जेट आम्ही लखनौत बसवले, आणि गाडी धावली लोणावळ्याजवळ. आपले शहर समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आत-बाहेर, ती जागा सहाशेच्या वर. तिथे हवा विरळ, त्यामुळे तेच जेट जास्त पेट्रोल देऊ लागले. प्लग काढला तर काजळी. एक नंबर लहान जेट घातल्यावर गाडी मोकळी झाली.

आमची पहिली चिठ्ठी होती : साठ फूट 2.9 सेकंद, एकूण 18.4. भाचा म्हणाला, "मामा, इंजिनच कमी पडतंय." मी म्हटले, वही काढ. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाला दोन-तीन धावा, आणि सगळे वहीत. शेडमध्ये दोष शोधताना आपण हेच करतो. आधी हवा, मग क्लच सोडण्याची पद्धत, मग जेट. शेवटची चिठ्ठी : साठ फूट 2.5, एकूण 17.8. पिस्टनला हात लावला नव्हता. नंबर काही आला नाही. पण भाच्याने ती चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवली आहे.

एक गमतीची गोष्ट. धावेची वेळ मोजायला सुरुवात होते ती गाडीचे पुढचे चाक हलल्यावर. त्यामुळे एकट्याने घड्याळाशी धावताना आपले लखनवी 'पहले आप' चालून जाते. शेजारी प्रतिस्पर्धी असेल तर मात्र नाही! हौशी लोकांसाठी तर एक प्रकार असा असतो की आपली वेळ आपणच आधी जाहीर करायची. हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते. पण जाहीर केल्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात. हे रेल्वेवाल्यांना लगेच पटेल. वेळेआधी आलेल्या गाडीलाही प्लॅटफॉर्म मोकळा नसतोच.

आता ते राहिलेले कारण.

1999 साली मी सोलापुरात तंत्रनिकेतनला होतो. होस्टेलवर माझ्या मित्राकडे आरएक्स 100 होती आणि मला हत्यारे चालवायची हौस होती. त्याची शर्यत ठरली, शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर, संध्याकाळी. मी स्प्रॉकेट बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, चेन ताणली. मागचे चाक काढले तेव्हा लायनर संपत आलेले दिसले होते. पैसे स्प्रॉकेटला गेले होते. मी म्हटले, लायनर पुढच्या रविवारी टाकू.

तो पुढेच होता. गाडी खरोखरच छान पळत होती, आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडत होतो. समोर उसाची ट्रॉली निघाली, मागे दिवा नसलेली. त्याने ब्रेक दाबले.

तो वाचला. डावा पाय आखूड झाला. आज तो एका बँकेत नोकरीला आहे, जिना चढताना कठडा धरतो. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही शब्दाने बोलून दाखवले नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरे, रस्ता शर्यतीचा नव्हता हेही खरे. पण लायनर मी पाहिले होते. माझ्या नोकरीत आज मी कुठल्याही कागदावर 'फिट' अशी सही करतो, तेव्हा ती ट्रॉली मला दिसते. लोक म्हणतात, हा माणूस फार किरकिऱ्या आहे. असू दे.

म्हणून मुलांनो, शहीद पथ कितीही रुंद दिसला, रात्री दोन वाजता 1090 चौराहा कितीही मोकळा वाटला, तरी ती धावपट्टी नव्हे. धावपट्टीवर कडेला माणूस नसतो, समोरून कोणी येत नाही, अॅम्ब्युलन्स उभी असते, थांबायला लांबलचक जागा असते. रस्त्यावर यातले काहीच नसते. पालकांसाठीही सांगतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रस्त्यावरच्या शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199अ पालकांना किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. पण कायद्याच्या भीतीने कोणी थांबत नाही, हे मला होस्टेलपासून माहीत आहे. म्हणून मी 'नको' म्हणत नाही. मी म्हणतो, नीट करा.

माझा प्रस्ताव असा. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मांडवाच्या मागच्या पटांगणात मी हत्यारे घेऊन बसणार आहे. गाड्या आणा. पहिल्या रविवारी फक्त ब्रेक, चेन आणि टायर. फी नाही, चहा मंडळाच्या खात्यातून, असे खजिनदारांनी मान्य केले आहे, ते समोरच बसले आहेत. ज्याची वही सहा महिने नीट भरलेली असेल आणि ज्याच्या घरून होकार असेल, त्याला रीतसर स्पर्धेत उतरवण्यासाठी परवान्याच्या अर्जापासून जेटच्या नंबरापर्यंत सगळी मदत मी करीन, आणि सुट्टी मिळाली तर सोबतही येईन.

त्या चार-पाच जणांना एवढेच सांगतो : घरी सांगू नका म्हणाला होतात ना, आता सांगून झाले आहे. आता बिनधास्त या, आणि येताना आधी मागचे चाक काढायची तयारी ठेवून या.



गणपती बाप्पा मोरया!