गाव किती लांब?
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींना ‘गाव किती लांब?’ असे कोणी विचारले, तर आम्ही किलोमीटरांत उत्तर देत नाही. ‘एक रात्र’ म्हणतो, फार तर ‘रात्र आणि अर्धा दिवस’. आज मात्र आकड्यांपासूनच आरंभ करू.

पालम ते सांताक्रूझ हे हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत या हमरस्त्याने तेच सुमारे 1,400 भरते. कोटा-रतलाम-बडोदा लोहमार्गाने 1,384. आणि 1912 पासून धावणारी पंजाब मेल ज्या भुसावळ-भोपाळ-झांशी मार्गाने येते, तो याहूनही लांबचा. विमानाला सरळ रेषा परवडते. रस्त्याला अरवली चुकवावी लागते, नर्मदा-तापी पूल असेल तेथेच ओलांडाव्या लागतात, आणि वाटेतल्या शहरांचा मानही राखावा लागतो.

विमानही प्रथम असे सरळ येत नसे. टाटांची 1937 सालची मुंबई-दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी थांबत येई. होळकर-शिंद्यांच्या राजधान्या विमानालाही टाळता आल्या नाहीत, याची मौज वाटते. सदाशिवरावभाऊंची फौज पटदुराहून मार्च 1760 मध्ये निघाली, ती ऑगस्टात दिल्लीस पोहोचली.

परंतु आपल्या काळजीचे अंतर निराळेच आहे. एके काळी ‘आई अत्यवस्थ, त्वरित निघा’ अशी तार येई. आरक्षण मिळत नसे. कोकणातला मुलगा तिसऱ्या दिवशी दारात उभा राही, तोवर सारे आटोपलेले असे. आपल्यापैकी कितीजण असे उशिरा पोहोचले, हे या सभागृहात विचारावयास नको.

आज विमान दोन-सव्वादोन तासांत मुंबईस उतरविते. पण नोएडाहून पालम गाठावयास दीड तास, तेथे आणखी दीड-दोन तास, आणि पुढे मुंबई ते रत्नागिरी हे साडेतीनशे किलोमीटर मोटारीने सात-आठ तास! मुंबई-गोवा महामार्गाचे 2011 मध्ये सुरू झालेले रुंदीकरण किती लांबले, हे कोकणवासीयांना सांगणे नको. नागपूरकर मात्र सुखी; त्यांचे गाव हवेतून अवघे साडेआठशे किलोमीटर, आणि उतरले की घर. त्यांचा आम्हांला थोडा हेवा वाटतो.

आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील आज गावी एकटे आहेत. म्हणून प्रत्येक घराने आपल्या दारापासून गावच्या दारापर्यंतची वाट एकदा शांतपणे लिहून ठेवावी. पहाटेचे पहिले विमान कोणते. निजामुद्दीनहून निघून पनवेलमार्गे थेट रत्नागिरीस नेणारी मंगला एक्स्प्रेस कोणत्या वेळी. पुढची मोटार कोणाची. घराची दुसरी किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे. रात्री दोन वाजता फोन आला, की यातले काहीही सुचत नाही.

आणि मंडळाने या वर्षी एक यादी करावी: अवेळी विमानतळावर सोडावयास कोण येईल, मागे राहिलेल्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत कोण सांभाळील. पहिली नावे आम्हां कार्यकारिणीच्या सभासदांची आहेत. कागद दाराजवळच्या मेजावर ठेविला आहे. जाताना आपापला विभाग आणि फोन क्रमांक त्यावर लिहावा.