मनाचे दुखणे आणि आपली जबाबदारी
(युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कोरोनाच्या साथीचा हिशेब आपण मृत्यूंच्या आकड्यांनी मांडला, बुडालेल्या रोजगाराने मांडला, पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या हालांनी मांडला. तो आवश्यकच होता. परंतु त्यात एक पान कोरे राहिले आहे. ते तरुणांच्या मनाचे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ साली १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२० साली हा आकडा १२,५२६ झाला आणि २०२१ साली १३,०८९. त्या वर्षी यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता : १,८३४. ही सारी वाढ साथीमुळेच झाली, असे मी म्हणणार नाही. आकडा आधीपासूनच चढत होता आणि कोणत्याही आत्महत्येला एकच एक कारण नसते. परंतु साथीने तरुणांचे आधार एकदम काढून घेतले, हे नाकारता येणार नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली. शिक्षण मोबाइलवर सुरू राहील, असे सांगण्यात आले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. ज्या घरात मोबाइल एक आणि भावंडे तीन, तेथे तो कोणाच्या हाती गेला आणि चूल कोणाच्या वाट्याला आली, हे आपणांस सांगावयास नको. मुलींची केवळ शाळा बंद झाली नाही. मन मोकळे करण्याची जागाच बंद झाली.

पुण्यातील स्पर्धापरीक्षेच्या उमेदवारांचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा वारंवार पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख तीन दिवसांवर आली असता ती पुन्हा ढकलली गेली, तेव्हा मुले रस्त्यावर उतरली. मग परीक्षा २१ मार्चला झाली. एका आठवड्याने काय बिघडते, असे तेव्हा सुशिक्षित मंडळी विचारीत होती. खोलीचे भाडे, खानावळीचे देणे, सरत चाललेले वय आणि गावी वाट पाहणारे आईबाप यांचे ओझे ज्याच्या खांद्यावर आहे, त्यालाच त्या आठवड्याची किंमत कळते.

ही मुले मनाने दुबळी आहेत, असे म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणारे, तुरुंगवास सोसलेले साने गुरुजी दुबळे होते काय? ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःची जीवनयात्रा संपविली. आपण त्यांची जयंती साजरी करतो, त्या वेदनेविषयी मात्र बोलत नाही. हे मौन आपल्या चळवळीनेही सोडले पाहिजे.

आपला आणखी एक दोष मान्य करू. व्यवस्था बदलली की मनेही सावरतील, असे आपण मानत आलो. बेकारी आणि विषमता यांविरुद्धचा लढा चालूच राहील. परंतु ज्याला आज रात्री झोप नाही, त्याला समाजपरिवर्तनाची वाट पाहावयास सांगणे हा निर्दयपणा आहे.

२०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क मानला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लागला पाहिजे. परंतु तेवढ्याने शासनाची सुटका होत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार आणि प्रत्येक महाविद्यालयात प्रशिक्षित समुपदेशक, ही आपली मागणी असली पाहिजे. परीक्षांचे वेळापत्रक पाळणे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

आणि आपण? शाखेवर येणारा एखादा मुलगा अचानक येईनासा झाला, तर त्याच्या घरी जा. उपदेश करू नका, त्याचे ऐका. जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे हलके होते. मग त्याला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. मोर्चाला माणसे जमविणारी संघटना एका माणसाशेजारी बसू शकली नाही, तर तिच्या समतेला काय अर्थ उरला?