पाऊस ठरलेला, मग हप्ता का अडतो?

(महासंघाच्या उन्हाळी बैठकीत क्षेत्र समन्वयकाने केलेले भाषण)



आजचा विषय हवामान. तुम्ही म्हणाल, ही कालची पोर आम्हाला पाऊस शिकवणार? नाही शिकवत. मृग कधी लागतं, कुठला वारा सुटला की वलांडीवरचे बोंबील उतरवायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, हे सगळं कळत असूनही आपल्या गटाच्या वहीत त्याचा पत्ता नसतो. वहीत बारा महिने सारखे असतात. आपलं वर्ष तसं नाही.

आता बघा. मराठवाड्यात वर्षाला सात-आठशे मिलीमीटर पाऊस पडला की माणसं समाधानी असतात. आपल्या किनाऱ्यावर दोन हजारांच्या वर पडतो, आणि शंभरातले नव्वदहून जास्त भाग जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परत जातो. म्हणजे साधारण मृगापासून हस्तापर्यंत. आपल्या आज्यांचा हिशेबही हाच होता. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. शेजारी समुद्र असल्यामुळे ना फार थंडी, ना विदर्भासारखं ऊन. कारण समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो.

पण हाच समुद्र हवा ओली ठेवतो, आणि तिथे आपण फसतो. टीव्हीवर चंद्रपूरचा ४५चा आकडा बघून आपल्याला वाटतं, आपल्याकडे तर ३५-३६च आहे. अंगातली उष्णता घाम वाळला तरच बाहेर जाते. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला मोकळ्या मैदानात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. म्हणून सांगते, मिठागरात, वीटभट्टीवर किंवा भाजीची पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसणाऱ्या बाईने आकड्यावर जाऊ नये. डोकं जड झालं, मळमळलं, की सावलीत यायचं आणि मीठ-साखरेचं पाणी घ्यायचं. ‘एवढी पाटी संपवते नि येते’ हे त्या वेळी नको. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपायला लागली, तर अंग ओलं करून वारा घालायचा आणि लगेच दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. पावसानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हातही हेच लक्षात ठेवा. भातकापणी नेमकी तेव्हाच असते.

आता हप्त्याकडे येते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद. मिठागरं त्याआधीच थांबलेली असतात. सुकी मासळी, पापड, कुरडया, मसाल्याच्या मिरच्या ही सगळी उन्हाची कामं, तीही बंद. त्यातच शाळा सुरू होते, वह्या, दप्तर, रेनकोट. छपरावर ताडपत्री टाकायची असते. आणि याच जून-जुलैत वहीत कुणाच्या तरी नावापुढे ‘थकीत’ असं लिहिलं जातं. मग कुजबुज सुरू होते. मला याचा राग येतो. ती बाई बुडवणारी नाही. तिची कमाई कधी थांबणार हे कर्ज देतानाच गटाला माहीत होतं. ठरलेल्या पावसाचा हिशेब आपण धरला नाही आणि बोल तिला लावला. ती मग आठवड्याच्या हप्त्याच्या कंपनीकडे जाते, आणि एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढते.

आपलं अंतर्गत कर्ज आपल्या हातात आहे. हप्ता कसा घ्यायचा ते गटाने बैठकीत ठराव करून ठरवायचं असतं. समजा सुक्या मासळीवाल्या ताईने डिसेंबरात १८,००० रुपये घेतले. बारा सारखे हप्ते केले तर मुद्दलाचे महिन्याला १,५००. त्याऐवजी डिसेंबर ते मे दरमहा २,२००, जून ते ऑगस्ट ४००, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १,२०० असं करा. बेरीज करून बघा, १८,०००च होतात. व्याज नेहमीसारखं शिल्लक रकमेवर. बँकेचा हप्ता असा वाकवता येत नाही. त्यासाठी जानेवारीपासूनच दर बैठकीत पावसाळ्याचे थोडे पैसे वेगळे जमा करायचे. आगोटीला आपण सुकी मासळी, मसाला, लाकडं भरून ठेवतोच ना? तशीच ही हप्त्याची बेगमी.

हे गणित सगळ्यांना लावू नका मात्र. पारोळ, भाताण्याकडच्या बायांचा पावसाळा वेगळा असतो. सुरुवातीला शेवळं, कर्टोली विकून आणि जुलैत आवणीच्या मजुरीतून हातात पैसा येतो. खरी ओढ लागते ती आवणी उरकल्यावर, भात तयार होईपर्यंत, श्रावण-भाद्रपदात. वीटभट्टीला जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचं आणखीच निराळं. दिवाळीनंतर गेली की पावसाच्या तोंडावर परत. सहा महिने बाई गावातच नाही आणि आपण तिला गैरहजेरीचा दंड लावतो! तिचं वर्ष तिच्याकडून समजून घ्या.

अजून एक. पाऊस ठरलेला असला तरी तारीख पाळतोच असं नाही. २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत आला, १९५०पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या उन्हावर ज्यांचा माल अवलंबून असतो, त्यांनी आता वाळवण १५ मेपर्यंत आटपायचं बघावं, आणि नवा कच्चा माल घ्यायला मेमध्ये कर्ज काढू नये. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. म्हणजे मे महिनाही आता भरवशाचा राहिला नाही. जुलै २०१८ तर तुम्हाला सांगायला नको. रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागरातली माणसं अडकलेली. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की आपल्या खाड्यांमधून पाणी बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून गटाच्या वह्या, पासबुकं, आधारकार्डं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. ज्यांची घरं सखल भागात आहेत, त्यांनी वह्या दुसरीकडे ठेवायला द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एका कागदावर बारा महिने लिहून आणायचे. कमाईच्या महिन्यापुढे टिकली लावायची, ओढीच्या महिन्यापुढे फुली. लिहिता येत नसेल तर मुलीकडून करून घ्या, नाहीतर माझ्याकडे या, आपण बसून करू. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांचे कागद आधी बघू. जून यायच्या आत ठराव वहीत चढला पाहिजे.